म्युरल, फ्रेस्को आणि अजिंठ्याची भिंत



या शहरात चित्रकला शिकवण्यात ज्यांनी आपली उमेद खर्च केली, त्या शिक्षकांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे. विद्यार्थ्यानं कुंचला हातात घेण्याआधी कागद कोणता, रंग कोणता, तो कशात कालवलेला आहे, हे त्याला सांगता आलं पाहिजे, असा त्या पिढीचा आग्रह असे. आजचा माझा विषय त्याच आग्रहातून आलेला आहे. म्युरल आणि फ्रेस्को या दोन इंग्रजी शब्दांविषयी मी बोलणार आहे.

हे शब्द आपल्या कानांवरून नेहमी जातात. अजिंठ्याला निघालेल्या पर्यटकांच्या गाडीत, माहितीपत्रकांत, शाळेच्या सहलींत, वर्तमानपत्रांत अजिंठ्याच्या चित्रांना एका ओळीत म्युरल म्हटलेलं असतं आणि पुढच्याच ओळीत फ्रेस्को. ऐकणाऱ्याचा समज होतो की एकाच वस्तूची ही दोन नावं असावीत. तसं नाही. अजिंठ्याच्या बाबतीत पहिला शब्द बरोबर आहे आणि दुसरा चुकीचा. हा चुकीचा शब्द मोठमोठ्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर छापला गेला, तिथून सगळीकडे पसरला आणि आजही आपण तो वापरतो. तो का सोडून द्यावा, हे मला आज सांगायचं आहे. चित्र कसं घडलं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते कशानं बिघडेल हेही कळत नाही. अजिंठ्याच्या शेजारी राहणाऱ्यांना हे अज्ञान परवडणारं नाही.

आधी म्युरल. लॅटिन भाषेत भिंतीला ‘मुरुस’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. भिंतीवर किंवा छतावर, वास्तूचाच भाग म्हणून केलेलं कोणतंही चित्र म्हणजे म्युरल. चित्र कुठे आहे एवढंच हा शब्द सांगतो. गिलावा चुन्याचा की मातीचा, रंग कशात कालवले, भिंत ओली होती की कोरडी, याबद्दल तो काहीच बोलत नाही. त्यामुळे त्याच्या पोटात पुष्कळ काही मावतं. गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं काढलेलं वारली चित्र म्युरल आहे. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली चित्रं म्युरल आहेत. शहरातल्या संरक्षक भिंतींवर हल्ली ऑइलपेंटनं रंगवलेले देखावेही म्युरलच आहेत.

आपल्याकडे मात्र या शब्दाचा अर्थ आकसला आहे. इमारतीच्या दर्शनी भागावर किंवा दिवाणखान्यात सिमेंट, सिरॅमिक, फायबर नाहीतर धातूचं उठावाचं काम केलं, की त्याला आपण म्युरल म्हणतो. कलामहाविद्यालयांत आणि अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात हाच अर्थ रूढ झाला आहे. तोही मूळ अर्थात बसतो, म्हणून चूक म्हणता येत नाही. पण त्याचा एक परिणाम झाला. म्युरल म्हणजे उठावाचं काम, असं मनात पक्कं बसल्यावर अजिंठ्याच्या सपाट, रंगवलेल्या भिंतीला हा शब्द लावायला विद्यार्थी कचरतो. मग त्याला दुसरा, जास्त भारदस्त वाटणारा शब्द हवा असतो, आणि फ्रेस्को तयारच असतो.

आता फ्रेस्को. हा इटालियन शब्द, अर्थ ताजं. ताजं म्हणजे नुकताच केलेला, ओला गिलावा. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा, वाळू किंवा संगमरवराची पूड घालून त्याचा गिलावा करायचा. असा शेवटचा थर भिंतीवर चढवला की तो ओला असतानाच, नुसत्या पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावायचे. डिंक नाही, सरस नाही, अंडं नाही. रंगाला धरून ठेवण्याचं काम चुनाच करतो. विरवलेला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं. ज्या चुनखडीपासून तो निघाला, त्याच दगडाकडे तो परत जातो आणि जाताना रंगाचे कण स्वतःत अडकवून ठेवतो. रंग भिंतीवर बसलेला नसतो, भिंतीत शिरलेला असतो. म्हणून खरा फ्रेस्को ओल्या फडक्यानं पुसला तरी सहसा निघत नाही.

या पद्धतीला वेळेचं बंधन फार कडक. गिलावा ओला आहे तोवरच काम. त्यामुळे चित्रकार एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढ्याच भागावर शेवटचा थर चढवतो. इटालियनमध्ये दिवसभराच्या या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात. असे तुकडे जिथे जुळतात ते सांधे नीट पाहिले की दिसतात, आणि त्यांवरून एखाद्या भिंतीला किती दिवस लागले याचा अंदाज अभ्यासक बांधतात. मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ या काळात व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलचं छत याच पद्धतीनं रंगवलं. ही पद्धत आपल्या देशालाही परकी नाही. जयपूर आणि शेखावाटीत ओल्या चुन्यावर रंगवण्याची परंपरा आहे. तिथले कारागीर तिला ‘आला-गीला’ म्हणतात, आणि रंग ओला असतानाच घोटून गिलाव्यात बसवतात.

म्हणजे या दोन शब्दांचं नातं सरळ आहे. प्रत्येक पैठणी साडी असते, पण प्रत्येक साडी पैठणी नसते. तसा प्रत्येक फ्रेस्को हा म्युरल असतो, पण प्रत्येक म्युरल फ्रेस्को नसतो. एक शब्द जागा सांगतो, दुसरा रीत सांगतो. जागा सांगणारा शब्द वापरला तर चूक होण्याची भीती जवळपास नसते. रीत सांगणारा शब्द वापरायचा तर ती रीत तपासलेली असली पाहिजे.

मग अजिंठ्याची रीत काय होती?

वाघूर नदीच्या वळणावर, सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये ३० लेणी कोरलेली आहेत. ९ आणि १० क्रमांकांची चैत्यगृहं इसवी सनाच्या आधीची. चित्रांसाठी जगभर गाजलेली १, २, १६ आणि १७ ही लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक काळातली. १६ व्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. या लेण्यांच्या भिंती कारागिरांनी गुळगुळीत केल्या नाहीत, छिन्नीचे घाव तसेच राखले, म्हणजे गिलाव्याला धरायला जागा मिळते. त्यावर जाडसर मातीचा थर दिला. त्या मातीत दगडाची भरड, वाळू, साळीचं तूस, गवताचे आणि इतर वनस्पतींचे धागे होते. त्यावर आणखी बारीक मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढऱ्या रंगाचा अगदी पातळ लेप. चित्र या लेपावर आहे.

हा गिलावा मराठवाड्यातल्या माणसाला ओळखीचा वाटेल. आपल्या धाब्याच्या घरांच्या भिंतींना मातीत भुसा कालवून असंच लिंपत असत. माती सुकताना तडकू नये म्हणून भुसा, वर पांढऱ्या मातीचा पोतारा. अजिंठ्याच्या चित्रांच्या मुळाशी याच जातीची कारागिरी आहे, कमालीच्या काळजीनं केलेली.

रंगही बहुतेक याच मातीतले. तांबडी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा आणि पांढरा. निळा तेवढा दुरून आला. राजावर्ताचा, म्हणजे लापिस लाझुलीचा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून व्यापारी मार्गांनी इथवर पोचला आणि पाचव्या शतकातल्या चित्रांत वापरला गेला. हे रंग कोरड्या पृष्ठभागावर, सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावलेले आहेत. याला इंग्रजीत टेम्परा म्हणतात. इथे रंगाला धरून ठेवणारा चुना नाही, सरस आहे. रंग गिलाव्यात शिरलेला नाही, त्याच्यावर पातळ पापुद्र्यासारखा बसलेला आहे. म्हणून अजिंठ्याचं चित्र म्युरल आहे, फ्रेस्को नाही.

आपल्या ग्रंथपरंपरेतही सरसाची हीच रीत दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आणि मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा याच राजघराण्याच्या अमलाखाली होता. या ग्रंथात चित्रासाठी भिंत कशी तयार करावी हे सांगताना वज्रलेपाची कृती दिलेली आहे. म्हशीचं कातडं पाण्यात लोण्यासारखं मऊ होईपर्यंत शिजवायचं, त्याच्या कांड्या वळून वाळवायच्या, लागेल तेव्हा त्या पाण्यात विरघळवून पांढऱ्या मातीत मिसळायच्या आणि त्याचे थर भिंतीवर द्यायचे. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तलं चित्रसूत्रही भिंतीच्या तयारीविषयी तपशिलानं बोलतं. चित्रकाराचं साहित्य काय असावं, ते कोणत्या क्रमानं वापरावं, याचा विचार या भूमीत किती बारकाईनं झाला होता ते यावरून दिसतं.

तरीही फ्रेस्को हे नाव चिकटलं. ते कसं, हे पाहण्यासारखं आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं या दरीत आला आणि बाहेरच्या जगाला लेणी ठाऊक झाली. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांचं महत्त्व मांडलं. त्यातून १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी अजिंठ्याच्या परिसरात राहून वर्षानुवर्षं हे काम केलं. त्यांतल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा पुन्हा इथे आले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. या चमूच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला, आणि त्याच्या शीर्षकात त्यांनी ‘पेंटिंग्ज’ हा साधा, सुरक्षित शब्द वापरला.

पुढच्या ग्रंथांनी ती काळजी घेतली नाही. १९०९ ते १९११ या काळात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी प्रतिकृतींचं काम केलं. नंदलाल बोस, असितकुमार हालदार असे बंगालमधले तरुण चित्रकार त्यांच्याबरोबर होते, हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन काझी होते. स्वतः हेरिंगहॅम टेम्पराच्या जाणकार. चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराचा रंगतंत्रावरचा ग्रंथ त्यांनी १८९९ मध्ये इंग्रजीत आणला होता, आणि टेम्परात काम करणाऱ्या चित्रकारांची संस्था १९०१ मध्ये लंडनला स्थापन झाली त्यातही त्यांचा पुढाकार होता. ओला गिलावा आणि कोरडा गिलावा यांतला फरक त्यांच्याइतका फार थोड्यांना कळत असेल. पण १९११ नंतर त्या गंभीर आजारी पडल्या, आणि इंडिया सोसायटीनं त्यांच्या प्रतिकृतींचा ग्रंथ १९१५ मध्ये काढला तेव्हा त्याला नाव दिलं ‘अजंता फ्रेस्कोज’. निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खात्याचे संचालक असलेल्या गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार खंड सिद्ध केले. अजिंठ्याच्या अभ्यासात त्यांचं स्थान फार वरचं आहे. त्यांच्याही उपशीर्षकात फ्रेस्को हाच शब्द आला.

मला यात कुणाचा हलगर्जीपणा दिसत नाही. त्या काळच्या युरोपीय वाचकाला भिंतीवरचं उत्तम चित्र म्हटलं की इटली आठवे, आणि इटली म्हटलं की फ्रेस्को. अजिंठा इटलीच्या तोडीचा आहे, हे सांगण्याच्या उत्साहात इटलीचा शब्द अजिंठ्याला लावला गेला. तो गौरव म्हणूनच लावला होता. शिवाय वरच्या पातळ पांढऱ्या लेपामुळे हे काम चुन्यावरचं आहे अशी शंका येणं स्वाभाविक होतं.

ती शंका रसायनशास्त्रानं दूर केली. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले रसायनशास्त्रज्ञ एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात अजिंठ्याच्या गिलाव्याचे आणि रंगांचे नमुने तपासले आणि हे काम टेम्परा पद्धतीचं आहे, असा निष्कर्ष मांडला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातली चोळकालीन चित्रं त्यांनीच तपासली, आणि ती मात्र ओल्या चुन्यावरची, खऱ्या फ्रेस्कोची, असल्याचं त्यांना आढळलं. एकाच शास्त्रज्ञाला दोन भिंतींकडून दोन वेगळी उत्तरं मिळाली, ती शोधायला दोन वेगळे शब्द हाताशी होते म्हणून. सरसकट सगळ्याला फ्रेस्को म्हणत राहिलो असतो तर हा प्रश्नच कुणाला पडला नसता. अलीकडच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले रसायनशास्त्राचे संशोधक यांनी मिळून अजिंठ्याच्या मातीच्या गिलाव्याचं बारीक पृथक्करण केलं आहे. त्यांच्या शोधनिबंधांत शब्द म्युरल हाच असतो.

आता कुणी विचारील, यानं चित्रात काय फरक पडतो? फरक पडतो तो चित्र टिकवण्यात. भिंत चुन्याची आहे असं समजून जी वागणूक दिली जाईल, ती मातीच्या आणि सरसाच्या भिंतीला मानवत नाही. पाणी हा इथला पहिला शत्रू आहे. चुन्यात बांधला गेलेला रंग ओल सोसतो, सरसानं धरलेला रंग ओलीनं सुटतो आणि मातीचा थर खडकापासून वेगळा होऊ लागतो. दुसरा शत्रू कीड. तूस, गवत, सरस हे सगळं किड्यांचं अन्न आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले होते आणि त्यांमुळे तिथे किडीचा उपद्रव कमी झाला, असं संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते धागे नाहीत, आणि तिथलं किडीनं झालेलं नुकसान डोळ्यांना दिसतं. तिसरा धोका आपला स्वतःचा. बंदिस्त लेण्यात शेकडो माणसांचा श्वास आणि घाम हवेतली आर्द्रता वाढवतो. रंगीत लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, ती यासाठी.

आणि चौथा धोका उपचारांचा. प्रतिकृती करणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रंग उजळ दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश लावलं. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरवला. त्या कामामुळे पुष्कळ चित्रं वाचली, हे कृतज्ञतेनं म्हटलं पाहिजे. पण रंग पक्के राहावेत म्हणून वापरलेल्या लाखेच्या लेपानं काळ जाता रंग बदलला. चित्रं पिवळट, मग तपकिरी दिसू लागली, त्यावर धूळ आणि काजळी बसली. हा लेप काढताना खालचा सरसाचा नाजूक रंग दुखावू नये, हे अवघड काम. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ ते अनेक दशकं करत आले आहेत. खालचा रंग कशानं धरलेला आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तिथे कापसाचा बोळाही टेकवता येत नाही.

युरोपातही असं उदाहरण आहे. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ पुष्कळ लोक फ्रेस्को समजतात. लिओनार्दोला ओल्या गिलाव्याची घाई नको होती. त्यानं १४९५ च्या सुमारास कोरड्या भिंतीवर काम केलं आणि पुढच्या काही दशकांतच रंगांचे पापुद्रे निघू लागले. समोरच्या भिंतीवरचं, त्याच काळात दुसऱ्या चित्रकारानं केलेलं खऱ्या फ्रेस्कोचं काम तुलनेनं धड राहिलं. अजिंठ्याचे चित्रकार अधिक सावध होते. त्यांनी कोरड्या भिंतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कसाला लागलेली रीत वापरली, म्हणून पंधराशे वर्षांनंतरही आपल्याला बोधिसत्त्व पद्मपाणी पाहायला मिळतो. फ्रेस्को म्हणून आपण त्यांचं हे श्रेय नकळत दुसऱ्या कारागिरीच्या खात्यावर टाकतो.

एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. भाषा वापरानं ठरते, आणि शंभर वर्षं लोक फ्रेस्को म्हणत असतील तर तोच अर्थ झाला, असं काहींचं म्हणणं आहे. सैल बोलण्यात शब्द पसरतात हे खरं. पण ज्या शब्दावर ज्ञान अवलंबून आहे, तिथे हा सैलपणा चालत नाही. फ्रेस्को म्हणजे भिंतीवरचं कोणतंही चित्र, असं एकदा मानलं की ओल्या चुन्यावरच्या चित्राला वेगळा शब्दच उरत नाही. मग जयपूरच्या कारागिरानं जे साधलं आणि अजिंठ्याच्या कारागिरानं जे साधलं, त्यांतला फरक सांगायचा कसा?

मराठीनं हा फरक केव्हाच सांभाळलेला आहे. भिंतीवरच्या सर्व चित्रांना भित्तिचित्र. ओल्या चुन्यावरच्या रीतीला मराठी विश्वकोशानं भित्तिलेपचित्रण म्हटलं, आणि टेम्पराला चिक्कणरंगचित्रण. हे दोन शब्द जड वाटत असतील तर ‘ओल्या गिलाव्यावरचं’ आणि ‘कोरड्या गिलाव्यावरचं’ एवढं म्हटलं तरी पुरे, कोणत्याही गवंड्याला ते कळेल. इंग्रजीत बोलायचं असेल तेव्हा अजिंठ्यासाठी म्युरल म्हणावं, आणि विचारणाऱ्यानं पुढे विचारलं तर टेम्परा म्हणावं. सिस्टिन चॅपेल, शेखावाटीच्या हवेल्या यांच्यासाठी फ्रेस्को राखून ठेवावा.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. अजिंठ्याचे मार्गदर्शक रोज जगभरातल्या लोकांशी बोलतात. त्यांनी हे चित्र मातीच्या कोरड्या गिलाव्यावर सरसानं धरलेलं आहे, एवढं एक वाक्य सांगितलं तर हात लावू नका, फ्लॅश मारू नका, गर्दी करू नका या सूचनांमागचं कारण पर्यटकाला आपोआप कळेल. नुसती मनाई माणूस विसरतो, कारण लक्षात ठेवतो. दुसरी विनंती शाळांच्या आणि कलामहाविद्यालयांच्या शिक्षकांना. मुलांना लेणी दाखवण्याआधी माती, भुसा आणि सरस घेऊन वीतभर गिलावा त्यांच्याकडून करवून घ्या. शेजारी चुन्याचा एक ओला तुकडा रंगवू द्या. दोन्ही वाळल्यावर त्यांवर पाण्याचं बोट फिरवायला सांगा. हे दोन शब्द ती मुलं जन्मात विसरणार नाहीत. तिसरी विनंती लिहिणाऱ्यांना, म्हणजे पत्रकारांना, माहितीफलक आणि माहितीपत्रकं तयार करणाऱ्यांना. १९८३ पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत. जग त्यांच्याविषयी जे वाचतं, त्यातलं पुष्कळसं या शहरातून लिहिलं जातं. इथून जर बरोबर शब्द गेला, तर तो दूरवर बरोबर पोचेल.

अजिंठ्यात रंगवणाऱ्या चित्रकारांची नावं आपल्याला माहीत नाहीत. दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत, राजांची आणि मंत्र्यांची नावं आहेत. ज्यांनी माती मळली, सरस शिजवला, रेषा ओढल्या, त्यांचं नाव कुठेही कोरलेलं नाही. त्यांच्याविषयी खात्रीनं सांगता येईल अशी एकच गोष्ट आपल्याजवळ आहे, त्यांनी काम कसं केलं ही. ती तरी आपण बरोबर सांगितली पाहिजे.